तुमच्या कंपनीत काम नेमकं कसं चालतं? (सॉफ्टवेअरवाल्यांसाठी)

बाकरवडी_४०४

नमस्कार मंडळी.

आमची कंपनी पुण्यात, बाणेरला. माणसं ३८. लहान कारखान्यांसाठी पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर करतो. मी इथं ९ वर्षं आहे, त्याआधी एकाच ठिकाणी होतो. म्हणजे या धंद्यात काम कसं चालतं याचे माझ्याकडे नमुने दोनच. मागच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "आपण काम कसं करतो ते लिहून काढ, आणि ते बरोबर आहे का तेही सांग." पहिलं करीन. दुसरं कशाशी ताडून सांगू?

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आणखी एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. त्यांची मुलं रोज खाली टपरीवर भेटतात. कोणाचं लग्न ठरलं, कोण नोटीस पिरियडमध्ये अडकलंय, सगळं कळतं. पण ते कोड कसा तपासतात यावर ९ वर्षांत एकदाही बोलणं झालेलं नाही. शेतकरी बांधावर उभा राहून शेजाऱ्याचा ऊस बघतो, खत कुठलं टाकलंस विचारतो. आपल्यात असं का नाही?

म्हणून इथं विचारतोय. कोड कोण तपासतं आणि त्यात खरंच काही सापडतं का? रोजचं स्टँडअप (टीमची उभ्या-उभ्याने घ्यायची छोटी बैठक) किती वेळ चालतं? शुक्रवारी रिलीज करता का, म्हणजे नवा कोड गिऱ्हाइकापर्यंत सोडता का? रात्री काही पडलं तर फोन कोणाला जातो? कंपन्यांची नावं कृपया नकोत.

हिंजवडी_सिग्नल

वाचतोय. सिग्नललाच आहे, त्यामुळे निवांत.

टेस्टर_ताई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. बाकीच्यांवर मला बोलायला लावू नका, बीपी वाढतं.

आमच्याकडे नियम असा की दोघांनी होकार दिल्याशिवाय कोड पुढे जात नाही. कागदावर छान. प्रत्यक्षात १२ ओळींचा बदल आला की त्याखाली ३० शेरे. व्हेरिएबलचं नाव असं का, इथं रिकामी ओळ का. आणि १८०० ओळींचा आला की तीन मिनिटांत दोघांचे अंगठे वर. आमच्या एकाने अशाच एका भल्यामोठ्या बदलाच्या पोटात कमेंट लिहून ठेवली होती: "इथपर्यंत वाचलं असेल तर माझ्याकडून वडापाव." दीड वर्ष झालं, वडापाव मागायला कोणी आलेलं नाही.

मग मी हट्टाने मर्यादा घालून घेतली. ४०० ओळींच्या वरचं तपासायला पाठवायचंच नाही, तुकडे करा. दोन आठवडे सगळे माझ्याशी तुसडे वागले. आता निदान शेऱ्यांमध्ये "इथे शून्याने भागाकार होईल" असं काहीतरी वाचायला मिळतं.

अण्णा_कोबोल

ताई, वडापाव मी मागायला आलो असतो.

पोरांनो, तुम्ही ज्याला रिव्ह्यू म्हणता त्याची पद्धतशीर मांडणी आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली केलेली आहे. आम्ही सीप्झमध्ये ती आमच्या परीने राबवायचो. खोलीत चार-पाच जण, हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर काढलेला प्रिंटआउट, लाल पेन्सिल. कोड लिहिणारा गप्प बसणार. दुसरा माणूस तो कोड आपल्या शब्दांत समजावून सांगणार. तो जिथं अडखळला तिथं पाणी मुरतंय असं समजायचं. चूक सापडली की नुसती नोंद करायची, तिथल्या तिथे दुरुस्त करायला जायचं नाही, नाहीतर दुरुस्ती कशी करायची यावर जेवणाची वेळ होते. आणि साहेबाने खोलीबाहेर थांबायचं. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. साहेब आत आला की कोणाच्याच कोडमध्ये चूक नसते.

नंतर सीएमएम (कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) आलं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट, मागे पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. त्यांना पडलेला प्रश्न बाकरवडीचाच होता: कंत्राटदार कंपन्या काम कशा करतात ते ताडायचं कशावर? त्यांनी पाच पायऱ्या ठरवल्या. आपल्या लोकांना पायऱ्या दिसल्या की चढायची सवयच, पर्वतीची असो नाहीतर ही. पाचव्या पायरीवर भारतीय कंपन्यांची गर्दी झाली. फायदा झाला नाही असं म्हणणार नाही. परदेशी गिऱ्हाइकाला भरवसा वाटला. अंदाज किती दिवसांचा होता आणि लागले किती, हे लिहून ठेवलं तर पुढचा अंदाज सुधारतो, हे मी तिथेच शिकलो.

पण ऑडिटच्या आदल्या आठवड्याचं सांगतो. एका ठिकाणी (नाव नाही सांगत) रात्री दहाला आम्ही सगळे मागच्या सहा महिन्यांच्या तपासणीच्या नोंदी भरत बसलो होतो. चार वेगवेगळी पेनं, म्हणजे एका बैठकीत भरल्यासारखं दिसू नये. घाईत मी एक मीटिंग रविवारी झाल्याची दाखवली. ऑडिटरने विचारलं, रविवारी? म्हटलं, काम होतं हो. त्याने माझ्या निष्ठेचं कौतुक केलं.

वऱ्हाडी_बग

अण्णा, काहून हसवता राजेहो, मीटिंगमध्ये आहो.

तीच मीटिंग, स्टँडअप. बाकरवडीभाऊ, लिहून घ्या: ५० मिनिटं. माणसं १४. प्रत्येकाने मॅनेजरकडे बघून सांगायचं काल काय केलं, तो एक्सेलमध्ये भरतो. उभं राहायचं कारण असं की पाय दुखले की माणूस आटोपतं घेतो. आमच्या मॅनेजरच्या गुडघ्याला त्रास आहे, म्हणून सगळे बसतो.

पर्वरीकर

गोव्यातून घरूनच काम करतो. टीममधले दोघे पुण्यात, एक कोचीत, बाकी सगळे न्यूयॉर्कला. स्टँडअप त्यांच्या सकाळी दहाला, म्हणजे आमच्या संध्याकाळी साडेसातला. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागं गेलं की आमचे साडेआठ, म्हणजे बरोब्बर माशाची आमटी पानात पडायची वेळ. दोन हिवाळे काढले. मग मीच म्हटलं, तीन ओळी लिहून टाकू या प्रत्येकाने, ज्याचं अडलंय त्यानेच फोनवर यावं. नाही म्हणायला कोणाला कारण सापडलं नाही. आता आठवड्यातून एकदाच तोंडं बघतो.

वऱ्हाडी, मूळ स्क्रममध्ये, म्हणजे टीमने काम करायच्या त्या पद्धतीत, ही भेट १५ मिनिटांची आहे आणि डेव्हलपरांनी आपापसात दिवसाची आखणी करायला आहे. वर हजेरी द्यायला नाही. नाव रग्बीवरून आलंय, बँकेच्या रांगेवरून नव्हे.

वऱ्हाडी_बग

हे मॅनेजरले तुम्ही सांगता का मी सांगू?

डॅशबोर्ड_दादा

धागा चांगला आहे पण सगळे किस्सेच सांगताय. ताडायचं तर मोजमाप लागतं. चार आकडे घ्या: रिलीज किती वेळा होतो, कोड लिहून झाल्यापासून गिऱ्हाइकापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, शंभर रिलीजमधले किती बिघडतात, आणि बिघडल्यावर सगळं पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो. जगभर बऱ्याच कंपन्या याच चार आकड्यांवर स्वतःला ताडतात. पहिले दोन वेगाचे, पुढचे दोन भरवशाचे. चारही एकत्र बघायचे, एकटादुकटा नाही.

एवढं जमत नसेल तर जोएल स्पोल्स्की यांची २००० सालची १२ प्रश्नांची यादी आहे. उत्तर फक्त हो किंवा नाही. सोर्स कंट्रोल (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद) आहे का, एका फटक्यात बिल्ड होतं का, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार होतं का, नवा कोड लिहिण्याआधी जुने बग दुरुस्त करता का, वेगळे टेस्टर आहेत का, काम करायला शांत जागा आहे का, वगैरे. १२ म्हणजे उत्तम, ११ चालेल, १० किंवा कमी म्हणजे दुखणं गंभीर आहे.

टेस्टर_ताई

आमचे ७. टेस्टर आहेत याचा एक गुण माझ्यामुळे, हे नोंदवून घ्या.

पर्वरीकर

९. शांत जागेचा गुण पूर्ण. समोरच्या घरातला कोंबडा धरत नाही.

हिंजवडी_सिग्नल

४. दोन गाड्या पुढे सरकलोय.

सोलापुरी_चादर

दादा, मोजमापावरून माझं दुखणं सांगतो. जुन्या कंपनीत भिंतीवर फळा होता. कोणाच्या कोडमध्ये महिन्याला किती बग, नावानिशी. पहिल्या महिन्यात दरारा. दुसऱ्या महिन्यापासून डेव्हलपर टेस्टरला चहाला घेऊन जायला लागले. "हा बग नको लिहू, सूचना म्हणून लिही, भजी माझ्याकडून." सहा महिन्यांत बग निम्म्यावर आणि टपरीवाल्याचा धंदा दुप्पट.

तसंच स्टोरी पॉइंटचं, म्हणजे काम किती मोठं आहे त्याच्या अंदाजी आकड्याचं. दोन टीम. एक स्प्रिंटला (काही आठवड्यांचा कामाचा टप्पा) ४० पॉइंट करायची, दुसरी ६५. वरून विचारणा झाली, तुम्ही मागे का? पुढच्या स्प्रिंटला पहिल्या टीमचे ८० झाले. काम तेवढंच. पॉइंटचा भावफुगवटा.

डॅशबोर्ड_दादा

म्हणूनच म्हटलं, माणसांना मोजू नका, व्यवस्थेला मोजा. तुमच्या फळ्याचा आणि माझ्या चार आकड्यांचा काही संबंध नाही.

सोलापुरी_चादर

संबंध साहेब जोडतो, दादा. तुम्ही नाही.

कायदेशीर_कटकट

रंगाचा बेरंग करतोय, पण कोणीतरी म्हणायला हवं. इथल्या प्रत्येकाने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली आहे, आणि बहुतेकांनी तो वाचलेला नाही. माझ्या करारात 'कामाच्या पद्धती' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. गिऱ्हाइकाशी केलेला करार वेगळाच. तिसऱ्या मजल्यावरची कंपनी उद्या तुमच्याच गिऱ्हाइकाकडे निविदा भरणार नाही कशावरून? धागाकर्त्याने आधी साहेबांकडून लेखी परवानगी घ्यावी.

टेस्टर_ताई

४०० ओळींची मर्यादा ऐकून कोणी आमचं गिऱ्हाईक पळवणार असेल तर त्याला मीच पत्ता देते.

कायदेशीर_कटकट

ताई, चेष्टा सोपी आहे. नोटीस आलेला माणूस मी जवळून बघितलाय. त्याने फक्त सर्व्हरचा आराखडा एका स्लाइडवर दाखवला होता.

नाईट_वॉचमन

कटकटकाका, तुमचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच भेद करू या. सर्व्हरचा आराखडा घरातली तिजोरी कुठं आहे ते सांगतो. चोर कसा शिरला आणि कडी का लागली नव्हती हे शेजाऱ्याला सांगण्यात तिजोरी उघडी पडत नाही.

मी सहा वर्षं रात्रीच्या फोनवर आहे, त्यामुळे बाकरवडीच्या शेवटच्या प्रश्नावर माझा हक्क. फोन आधी मला येतो. मी रनबुक उघडतो, म्हणजे काही पडलं तर काय करायचं त्याच्या पायऱ्या लिहिलेली वही. पहाटे ३ वाजता, डोळे चोळत. एकदा पेमेंटचं काहीतरी अडकलं. रनबुकमध्ये १ ते ६ पायऱ्या चोख. सातवी पायरी: "तरीही चालू झालं नाही तर अमक्याला फोन करा." अमका १४ महिन्यांपूर्वी कंपनी सोडून गेला होता. तरी केला. त्याने उचलला, बिचाऱ्याने अर्ध्या झोपेत सांगितलं कुठली फाइल बघायची ते, आणि वर विचारलं, "अजून तेच चालू आहे का रे?" आता दर तीन महिन्यांनी एक नवखा माणूस दिवसाउजेडी रनबुकप्रमाणे चालून बघतो. जिथं अडतो तिथं आम्ही दुरुस्त करतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दुसऱ्यांच्या फजितीने. गिटलॅबचं उदाहरण घ्या, लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरा, थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. सुमारे ३०० जीबीमधले ४.५ जीबी उरले असताना थांबवलं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, वेळेला एकही धड चालली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती, तिने वाचवलं. आणि हे सगळं त्यांनी लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली, नंतर सविस्तर लिहून काढलं, माणसाचं नाव न घेता. ते वाचून दुसऱ्याच दिवशी मी आमचा बॅकअप परत भरून बघितला. भरला नाही. पासवर्ड बदललेला होता, आठ महिन्यांपासून. हे मला कुठल्या प्रमाणपत्राने सांगितलं असतं?

उलट उदाहरण नाइट कॅपिटलचं, अमेरिकेतली शेअर बाजारात व्यवहार करणारी कंपनी. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरवर नवा कोड हाताने टाकायचा होता, सातांवर पडला. आठव्यावर जुना कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर तोटा. अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढच्या वर्षी तपशीलवार आदेश प्रसिद्ध केला म्हणून आपल्याला कळलं. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवल्या होत्या. कोणी बघितल्या नाहीत.

वऱ्हाडी_बग

९७ वर थांबले? आमच्याकडे रोजच्या दोन हजार येतात. फोल्डरचं नाव 'नंतर पाहू'.

म्युनिकची_मिसळ

इकडचं, जर्मनीतलं सांगते. पुण्यात सात वर्षं, इथं चार. सगळ्यात मोठा फरक कोडमध्ये नाहीये. इथं आमच्या कंपनीत कामगारांचं निवडून दिलेलं मंडळ आहे. कोणी किती काम केलं यावर पाळत ठेवता येईल असं सॉफ्टवेअर त्यांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, कायदाच आहे. सोलापुरी चादरींचा तो फळा इथं पहिल्याच दिवशी उतरला असता. रात्रीच्या फोनची पाळी असते, तिचे वेगळे पैसे मिळतात आणि दुसऱ्या दिवशी उशिरा यायचं असतं. पहिल्यांदा मी सवयीने साडेआठला हजर झाले, तर टीमलीडने घरी पाठवलं.

सगळं गोड नाही हं. दोन खोल्यांमधला पडदा बदलायला इथं जेवढ्या बैठका होतात तेवढ्यात पुण्यात तीन रिलीज झाले असते. आणि सुट्टीवर गेलेल्या माणसाला विचारणं हे जवळजवळ पाप. ऑगस्टमध्ये तर विचारायला ऑफिसात माणूसच नसतो.

सोलापुरी_चादर

सुट्ट्यांवरून आठवलं. आमच्याकडे अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगला आठवडाभर रिलीज बंद. अनंत चतुर्दशीला मात्र चालू. मागच्या वर्षी लक्ष्मी रोडवर ढोलाच्या गजरात मी एका कानात बोट घालून रोलबॅक केलाय, म्हणजे रिलीज मागे घेतलाय. पलीकडचा विचारतोय, "इज देअर सम कन्स्ट्रक्शन गोइंग ऑन?"

अण्णा_कोबोल

हो म्हणायचं. राष्ट्राची उभारणी.

हिंजवडी_सिग्नल

शुक्रवारच्या रिलीजचं कोणीच सांगितलं नाही. आम्ही करतो. मग शनिवारी रस्ता रिकामा असताना येऊन दुरुस्त करतो. सोयीचं पडतं.

बाकरवडी_४०४

मंडळी, मधे पंधरा दिवस गेले, माफ करा. पण रिकाम्या हाताने आलेलो नाही.

कटकटकाकांचं ऐकलं. साहेबांकडून लेखी परवानगी घेतली: गिऱ्हाइकाचं नाव, कोड, आकडे काहीही न्यायचं नाही, बाकी बोला. मग चहाच्या टपरीवर तिसऱ्या मजल्याच्या टीमलीडला विचारलं. तो आधी हसला, नंतर म्हणाला, "गुरुवारी ये. पण तुमची एक फजिती घेऊन ये, आम्ही आमची सांगतो." (नाईट_वॉचमन, तुमचाच भाऊ वाटला.)

मी आमचा फेब्रुवारी घेऊन गेलो. महाराष्ट्रात ठरावीक पगाराच्या वर व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २५००. आम्ही पगाराचा तो भाग नव्याने लिहिला तेव्हा बाराही महिने २०० धरले. तपासणारे दोघे, दोघांनीही होकार दिला. चाचण्या एप्रिल आणि मे महिन्यांच्या, सगळ्या हिरव्या. दहा महिने कोणाचीच तक्रार नाही. फेब्रुवारीचे पगार झाल्यावर चाकणच्या एका कारखान्यातून हिशेबनीस बाईंचा फोन आला, "शंभर रुपये कुठं गेले हो?" त्या पाठोपाठ बाकीच्यांचे. तपासणाऱ्या दोघांचा स्वतःचा व्यवसाय कर दर फेब्रुवारीत ३०० कापला जातो. पगाराची स्लिप उघडून कोण बघतो! आमच्याच अकाउंट्समधल्या मावशी म्हणाल्या, मला विचारलं असतं तर कप खाली ठेवायच्या आत सांगितलं असतं.

तिसऱ्या मजल्यावरचे ऐकून हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्या तपासणीत मावशी का नसतात? मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्याकडे धंद्याचा नियम बदलणारा कोड असला की तो नियम रोज वापरणारा एक माणूस शेजारी बसतो आणि डेव्हलपर त्याला मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगतो. अण्णा, तुमचीच रीत, फक्त हिरव्या पट्ट्या नाहीत. परत आल्यावर आम्ही मावशींना ग्रॅच्युइटीच्या कोडला बसवलं. अर्ध्या तासात दोन चुका. तिसरी त्यांना वाटली होती, पण ती कायद्यातच तशी आहे.

शुक्रवारी ते रिलीज करतात, दुपारी चारलासुद्धा. बदल छोटा असतो आणि एका बटणाने मागे घेता येतो, म्हणून. मी बटण दाबायला लावून बघितलं. मागे गेलं. आमच्याकडे मागे घ्यायचं म्हणजे रात्र जाते, म्हणून आम्ही शुक्रवारला घाबरतो.

दाराशी त्यांचा एक फळा होता. एकाही माणसाचं नाव नाही, नुसतं 'मागच्या महिन्यात काय पडलं आणि का'. स्वच्छ, नीट अक्षरात, तीन ओळी. स्टँडअप ११ मिनिटांत संपलं, मी घड्याळ लावलं होतं. खरं सांगू का, बाहेर पडताना जरा न्यूनगंडच आला.

टेस्टर_ताई

मावशींना टेस्टर म्हणून घ्या. मी मुलाखत घेते.

कायदेशीर_कटकट

लेखी परवानगी घेतल्याबद्दल आभार. पुढचं निवांत वाचलं.

तिसरा_मजला

बाकरवडीसाहेब, धाग्याची लिंक टपरीवर मिळाली. नवा आयडी काढून लिहितोय.

न्यूनगंड बिलकूल नको. तुम्ही येणार म्हणून बुधवारी संध्याकाळी तो फळा पुसून परत लिहिला. आधी त्यावर एप्रिलपासूनच्या १९ ओळी होत्या आणि कोपऱ्यात कोणीतरी मॅनेजरचं चित्र काढलं होतं. स्टँडअप ११ मिनिटांत संपलं कारण दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज तोंड उघडू नका. मागे घ्यायचं बटण मात्र खरं आहे. नियमवाला माणूस शेजारी बसतो हेही खरं, पण तो दहातल्या सहा वेळा मिळतो.

अण्णा_कोबोल

पेनं किती रंगांची होती?

तिसरा_मजला

दोनच, अण्णा. लहान कंपनी आहे.

बाकरवडी, पुढच्या वेळी न सांगता या. फक्त मंगळवार सोडून. मंगळवारी आमच्याकडे फार वाईट असतं.

बाकरवडी_४०४

मंगळवारी येतो. मावशींनाही आणतो.